फायराबेंट

मिस्त्री लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते, म्हणून बाईंना वरून वाकूनच सांगावं लागलं. त्यांची बायको शब्दकोशाच्या कचेरीत, टेबलाशी बसल्या बसल्या गेली होती. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, पाना पुसून पेटीत ठेवला, आणि मग त्यांना वर यायला शिडी सापडेना. शिडी समोरच होती.

बाई जर्मन-मराठी कोशाच्या संपादक. महिन्याभरानं त्या मिस्त्रींच्या घरी आल्या. लेकीनं पाणी दिलं. पानं छपाईला जायची होती आणि बायकोकडचा एक शब्द अडला होता : फायराबेंट. दिवसाचं काम संपल्यावरची वेळ. अर्थ तिनं लिहिला होता, मराठी शब्द नव्हता. घरी काही बोलली होती का, असं बाईंनी चाचरत विचारलं.

बोलली होती. जेवताना तिनं तो शब्द खोलून दाखवला होता, मिस्त्री मोटर खोलतात तसा. फायर म्हणजे सण, आबेंट म्हणजे संध्याकाळ. मूळ शब्द सणाच्या आदल्या संध्याकाळचा, काम लवकर थांबायचं तेव्हाचा. पुढे कारागिरांनी तो रोजच्या संध्याकाळलाच लावून टाकला. त्यांची रोजच सणाची आदली संध्याकाळ, आणि तुम्ही येता तोंड पाडून, असं वर ऐकवलंही होतं.

"मग मलाच विचारलं," मिस्त्री म्हणाले. "अहो, हातपाय धुऊन खुर्चीत टेकता, त्या वेळेला काय म्हणायचं? मी म्हटलं, चहा."

बाई हसल्या आणि डोळे पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, 'सुट्टी' छापू का?

"नको. ते तिनंच खोडलं. म्हणाली, सुट्टी साहेब देतो. ही आपली असते."

"कोशात जागा मोकळी सोडत नाहीत हो, मिस्त्री."

"मग ती बोलली तेवढं छापा. शब्दाचं मी बघतो."

कोश आला. त्या पानावर तिनं सांगितलेलं सगळं आहे. मिस्त्री हल्ली कामावरून सगळ्यांत शेवटी निघतात. निघणाऱ्यांना विचारून बघतात, या वेळेला तुम्ही काय म्हणता रे? एक म्हणाला, सुटलो बुवा. दुसरा म्हणाला, मेलो. मिस्त्रींना दोन्ही पटले नाहीत.

शब्द अजून राहिलाच आहे.