बायनाबाईची जागा

आमदाराची आई म्हणून धुरपताबाईला आता जो तो वाकून नमस्कार करी. पाथरीच्या आठवडी बाजारात लिंबाखाली तिने जन्मभर लसूण-मिरच्या विकल्या, तेव्हा मात्र तिला कुणी धड नावाने हाक मारली नाही. त्याच मिरच्यांवर तिचा लेक महारुद्र शिकला, जीप चालवता चालवता सरपंच झाला, मग आमदार. निवडून आल्यावर पहिलं काम काय केलं, तर आईला बाजारातून उठवलं. ‘लोकं नावं ठेवायलेत, माय.’

बाजारातल्या जागेला कागद नसतो. उठणारा ज्याला हाताला धरून बसवील, त्याची ती. धुरपताबाईने शेजारच्या बायनाबाईला बसवलं आणि स्वतःच मिरच्या घेऊन तिची भवानी करून दिली. तोवर ती बिचारी उन्हात बसून चक्कर येऊन पडायची.

पुढची निवडणूक आली आणि महारुद्रला एकाएकी आईच्या मिरच्या आठवल्या. प्रचाराचे व्हिडिओ करणाऱ्या प्रियांकाला गरिबी दाखवायची होती. लेकासाठी धुरपताबाई तयार झाली. जाऊन बघते तर लिंबाखाली जागा झाडून ठेवलेली, मिरच्यांचा नवा ढीग, आणि बायनाबाई पार नालीच्या कडेला, उन्हात.

‘हिला कोन उठवलं?’

‘एका दिसाचं हाय, माय. बस,’ महारुद्र म्हणाला.

धुरपताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॅमेरा सुरू झाला. प्रियांका म्हणाली, ‘आजी, लोकांना काय सांगाल?’

‘ही जागा बायनाची हाय. माझ्या लेकानं तिला उठवलं. मत देताना इचार करा.’

महारुद्र नुसता हसला. व्हिडिओ घरोघरी फिरला तेव्हा तिचे ओठ तेवढे हलत होते, आवाजाच्या जागी सनई होती. लोकांचे डोळे पाणावले. महारुद्र मागच्यापेक्षा जास्त मतांनी निवडून आला.

त्यानंतरच्या बाजारी ती गेली, तर बायनाबाई अजून नालीपाशीच.

‘चल बायना, बस तुझ्या जागंवर.’

‘बसले होते. उठवलं. म्हनले, आमदाराच्या मायची जागा हाय.’

‘मी बसवते की!’

‘तुमी गेल्यावर पुन्हा उठवतेत.’

जन्मभर ‘धुरपते’ म्हणणारी बाई तिला ‘तुमी’ म्हणत होती. धुरपताबाईला रडू आलं. ती तिथेच तिच्याजवळ उन्हात बसली. लोक येत, हिच्या पाया पडत, फोटो काढून निघून जात. मिरच्या कुणी घेईना.

शेवटी बायनाबाई खालमानेनं म्हणाली, ‘तुमी जावा आता. माझा धंदा होईना.’