आत्याचं लायसन्स

"कुठलीही वायर ओढा, साहेब. डोळे मिटून ओढा. काम जागच्या जागी थांबलं, तर मी माझं सॉफ्टवेअर गुंडाळून घरी जातो," विक्रेता म्हणाला आणि मालकांनी खरोखरच बाह्या सरसावल्या.

सर्व्हर-रूमच्या त्या थंडीत वहिनींनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. वहिनी या खोलीच्या प्रमुख. त्यांचा धाकटा दीर इथेच रात्रपाळीला होता. तो वहिनी म्हणायचा, म्हणून शिपायापासून मालकांपर्यंत सगळेच म्हणू लागले. दवाखान्यांना औषधं पोचवणाऱ्या या कंपनीत वहिनी एकच होती, दीर मात्र ढिगाने.

सर्व्हरनाही वहिनी आणि दिराने मिळून नात्यांची नावं ठेवली होती. हिशेब सांभाळणारे मामा, सदा कुरकुरणारे सासरेबुवा, चालू असूनही काडीचं काम न करणारी मावशी. आणि कोपऱ्यात आत्या. दवाखान्यांच्या मागण्या तिच्याकडे यायच्या, गाड्या तिच्या हुकमाने सुटायच्या. घरातल्या आत्यासारखंच तिचं होतं, ती रुसली की सगळंच अडायचं.

मागे एकदा अशीच रुसली. दिराने एकट्याने जिवाचं रान केलं, तरी इंजेक्शनांची गाडी उशिरा सुटली. त्यानंतर एका दवाखान्यातून आलेला फोन वहिनींच्या कानात अजून होता.

म्हणून सॉफ्टवेअर निवडायचं काम आलं तेव्हा त्यांनी स्वस्तातलं बाजूला ठेवलं. ते नुसतं ओरडायचं, अमका सर्व्हर पडला, धावा! धावायचं माणसानेच. महागातलं मात्र पडलेल्याचं काम आपणहून उचलून दुसऱ्यावर टाकायचं. मालक म्हणाले, "घेऊ. पण एकेका सर्व्हरमागे लायसन्सचे पैसे भरायचे, वर रात्रपाळीचा पगार, हे दोन्ही नाही झेपायचं. आधी डोळ्यांनी बघतो, मग सही."

काल जेवताना वहिनींनी हे घरात सांगून टाकलं. जावेच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. दीर खाली मान घालून म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, वहिनी."

आता पाळी संपूनही तो थांबला होता. नेहमीचा राखाडी स्वेटर घालून दारापाशी उभा होता.

वहिनींनी पडद्यावर नजर टाकली. मामा, सासरेबुवा, मावशी, सगळ्यांपुढे हिरवे ठिपके होते. आत्या नव्हती.

चाचणीसाठी फुकट मिळालेली लायसन्स एकाने कमी पडत होती, आणि ज्याला लायसन्स नाही त्याच्याकडे सॉफ्टवेअर ढुंकूनही बघत नव्हतं. इतके दिवस त्यांनी आत्यालाच बाहेर ठेवलं होतं. चाचणीतल्या सॉफ्टवेअरला तिच्या अंगाला हात लावू द्यायची छाती कुणाची? पण आज मालक येणार, म्हणून सकाळीच त्यांनी दिराला बजावलं होतं, "भाऊजी, मावशीचं लायसन्स काढून आत्याला द्या. नाहीतरी मावशी रिकामीच बसलीये."

"हो, करतो," तो म्हणाला होता.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. विसरला म्हणावं, तर हा विसरणारा गडी नव्हता.

मालक मामांपाशी थबकले. "हिशेब नको रे बाबा," म्हणत पुढे सरकले आणि थेट कोपऱ्यात गेले. "ही सगळ्यात महत्त्वाची ना, वहिनी? मग हिच्यावरच होऊन जाऊ दे."

वाकून त्यांनी मागच्या वायरला हात घातला.

एक शब्द बोलायचा होता, थांबा. तो वहिनींच्या तोंडून फुटेना. वायर निघाली असती तर गाड्या अडल्या असत्या, विक्रेत्याने गाशा गुंडाळला असता आणि दिराची नोकरी राहिली असती. दवाखाने त्यांना आठवत होते, तो फोनही आठवत होता. पण डोळ्यांपुढे जावेचा चेहरा होता.

"ती नको, साहेब!"

बोलला तो दीर.

"का रे?"

"तिला लायसन्स दिलेलं नाहीये. वहिनींनी सांगितलं होतं. मीच केलं नाही."

"आणि ओढली असती तर?"

"गाड्या थांबल्या असत्या."

मालकांनी विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला. विक्रेता कसनुसा हसला, "अहो, माझी तर पार शोभा झाली असती!"

दीर खुर्चीत बसला. मावशीचं लायसन्स काढलं, आत्याला दिलं. हिरवा ठिपका उमटला. "आता ओढा," तो म्हणाला.

मालकांचा धीर मात्र खचला होता. "तूच ओढ."

इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून जिला जपलं, तिची वायर त्याने ओढली. पंख्यांची घरघर विरत गेली. ठिपका लाल झाला. वहिनी देवाकडे काय मागत होत्या ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

मग शेजारच्या खोलीत प्रिंटर खरखरला. पुढच्या गाडीची पावती छापून बाहेर पडत होती.

विक्रेत्याने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. मालकांनी सही केली, पाठीवर थाप मारावी म्हणून दिराकडे वळले आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तसेच निघून गेले.

दिराने वायर पुन्हा जोडली. आत्या घरघरू लागली, तशी रोजच्या सवयीने तिच्या दारावर हात ठेवून त्याने ऊब पाहिली. "सकाळी बसलो होतो करायला, वहिनी. हातच उचलला नाही."

"मग बोललात कशाला?"

"इंजेक्शनांची गाडी सुटायची होती हो आत्ता."

तुम्ही का गप्प राहिलात, हे त्याने विचारलं नाही. डबा उचलला आणि "येतो" म्हणून निघाला.

वहिनी खिडकीशी आल्या. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. माणसं भिंतीच्या सावलीला धरून चालली होती. दीर भर रस्त्याच्या मधून चालला होता, आणि स्वेटर अजून त्याच्या अंगातच होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.