आधी मला कोरडी पुसा

मी बोलतेय, पण हळू आवाजात, कारण रऊफ शेजारीच खोक्याच्या फळ्या जुळवतोय. मी त्याच्या कंपनीची नमुन्याची रायफल; मला दाखवून सैन्यांना माल विकणं हे त्याचं काम. आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगते. मला भीती वाटते, आणि ती माझी मलाच वाटते.

कारखान्यात मला जाड गोळीसाठी घडवलं. सैन्याची जुनी गोळी बारीक, लांब गेली की दम सोडते. माझी तिथंही भिंत फोडते. पण तिचा दणका माझ्याच पोटाला सोसत नाही. तेलात न्हायले तर चालते, कोरडी पडले की अडकते. रऊफला हे पक्कं ठाऊक. म्हणून मआन गावाच्या पुढं, वाळवंटातल्या चाचणीच्या मैदानावर, तो रोज सकाळी स्वतःच्या चहाआधी मला तेल पाजायचा.

पंधरा दिवस एकही गोळी अडली नाही. कर्नल आणि बाकीचे साहेबलोक खूश. हीच गोळी, हाच पुरवठादार, असं जवळजवळ ठरलं. खरेदीच्या कागदावर राहिली होती सुभेदार दैफल्लाहची सही. वाळवंटातल्या टोळीतला म्हातारा बदू, गुडघे गेलेले, जीभ मात्र तिखट. त्याचा मुलगा मितेब सीमेवरच्या चौकीत होता आणि नव्या रायफली पहिल्यांदा तिथंच जायच्या होत्या. त्या पोराचं नाव निघालं की माझ्या नळीत गारठा भरायचा. ऐन वेळी त्याच्या हातात मी अडकले तर?

शेवटच्या दिवशी दैफल्लाहनं मला उचललं आणि वास घेतला.

"रऊफ, बाळा, ही रायफल आहे की तळलेलं वांगं?"

रऊफ हसून म्हणाला, तेल हवंच, पुस्तकात तसं लिहिलंय. म्हाताऱ्यानं डोक्याचा रुमाल सोडला आणि मला पुसायला बसला. चौकीवरचे सगळे असंच करतात, कारण तेलाला वाळू धरते. मी भीतीनं थिजले. नापास झाले तर माझे तुकडे करणार, असं रऊफ फोनवर बोलला होता. पास झाले तर मितेबचा जीव जाणार. काय मागावं तेच कळेना.

सहा गोळ्या सुटल्या. सातवी अडकली. दैफल्लाहनं गोळी सरकवायचा बोल्ट ओढला, टाचेनं लाथ घातली, मी ढिम्म. त्यानं मला तशीच उचलून कर्नलपुढं धरलं.

"सातव्या गोळीला माझं पोर काय करणार होतं, कर्नलसाहेब?"

कर्नलनं कागद मिटला.

मला वाटलं, चला, आता तुकडे. मितेब वाचला, तेवढं पुरे. पण तुकडे झाले नाहीत. आज रऊफनं मला पुन्हा तेलानं माखलं आणि खोक्यावर दुसऱ्याच सैन्याचा पत्ता चिकटवला. फोनवर सांगत होता, तिथं कुणी पुसून बघत नाही.

तो हातोडी शोधतोय. बाबा रे, हा खोका जो कुणी उघडशील, तुला मी ओळखत नाही. तुझंही पोर कुठल्या तरी चौकीवर असेल. सही करण्याआधी डोक्याचा रुमाल सोड आणि मला कोरडी पूस.