सहावा वाटा

पूर्वी यांचे पैसे दर महिन्याला यायचे, थोडे थोडे. आले कधी नि गेले कधी, कळायचंही नाही. मग परदेशातल्या त्यांच्या खोलीत राहणाऱ्या सहाजणांनी भिशी लावली. दर महिन्याला प्रत्येकाने वाटा टाकायचा आणि सगळी रक्कम एकाच्याच घरी धाडायची, पाळीपाळीने.

या महिन्यात पाळी आमची. आमच्या पिल्लूला जन्मापासून ऐकू येत नाही. दोन्ही कानांना यंत्र लावा, जितक्या लवकर तितकं बरं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण मध्येच त्या सहाजणांतला रंगारी परांचीवरून पडून वारला. वाटे भरूनही त्याची पाळी यायची राहिलीच होती. बाकीच्यांनी ती काढून टाकली; त्याच्या बायकोला, वहिनींना, काहीच गेलं नाही. उरले पाच वाटे. म्हणजे एकाच कानाचं यंत्र.

आज दुपारी पिल्लूला भरवत होते, तेवढ्यात बँकेचा मेसेज आला. वाटे सहा होते.

तिला मांडीवर घेऊनच मी व्हिडिओ कॉल लावला.

"अहो, रक्कम जास्त आलीय."

"तुझ्या हिशोबाची पहिल्यापासूनच बोंब! पाचच वाटे भरलेत, मी स्वतः."

मी मेसेज वाचून दाखवला. ते हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. दोन्ही कानांचं होऊन जाईल."

पिल्लू मात्र बाबाकडे बघतच नव्हती. त्यांच्या खांद्यामागे बघत, नाकावर बोट वरखाली फिरवत खुदखुदत होती. हा खेळ रंगाऱ्याचा. हिला ऐकू येत नाही म्हणून तो फोनवर ब्रशने स्वतःचं नाक रंगवून दाखवायचा.

"मागे कोण बसलंय?"

"कुणी नाही गं. त्याची खाट आहे, रिकामी."

खाटेवरची चादर मधोमध दबलेली होती.

"त्याची पाळी परत लावा. वहिनींना पैसे जाऊ देत."

"मेलेल्या माणसाची कसली पाळी? महिनाभर जास्त राबावं लागेल. मला घरी यायला तेवढाच उशीर."

"मेलेल्याचा वाटा चालतो ना? मग पाळीही चालवून घ्या."

त्यांनी मागे वळून पाहिलं. बराच वेळ. तोंड परत माझ्याकडे वळवलं तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बरं. पुढची पाळी वहिनींची. सगळ्यांना सांगतो."

खाटेवरची चादर हळूहळू वर आली, सपाट झाली. पिल्लूने नाकावरचं बोट काढलं आणि इवलासा हात हलवून टाटा केला.