मूठ आणि उभा अंगठा

मित्रांनो, गोष्टींतली धनुष्ये फार शूर असतात. मी मात्र एक जुने आणि पक्के भित्रे धनुष्य आहे. मला मोडायची भीती वाटते.

ही भीती जन्मापासूनची. मला घडवले एका सुतारणीने. तिने माझे लाकूड चार वर्षे माळ्यावर वाळवले. खाली करवत चालू झाली की मी इतका थरथरायचो, की माळ्यावरच्या उंदरांनी कंटाळून बिऱ्हाड हलवले. मग तिने मला तासले, तेल पाजले, दोरी चढवली. दोरी माझ्या पोटापासून किती दूर हवी, हे ती आपल्या मुठीने मोजायची. मूठ पोटाला टेकवून अंगठा उभा करायचा. अंगठ्याचे टोक दोरीला लागले की माप बरोबर. त्या मापात मी सुखी होतो. तिचा एक बाण तर इतका दूर गेला, की सापडला तेव्हा त्याला पालवी फुटली होती.

पुढे तिची नजर अधू झाली. माझी दोरी उतरली आणि मी छत्र्यांच्या मागे खुंटीवर गेलो. सात वर्षे कोणी विचारले नाही. वाईट वाटायचे, पण खरे सांगतो, जिवाला घोरही नव्हता.

मग एका सकाळी तिच्या भाच्याने मला खाली काढले. तो भटारखान्यात पाव भाजायचा. अंगाने एवढा थोराड, की घरात त्याला डोंगर म्हणत. दोन दिवसांवर तिरंदाजीची शर्यत होती. त्याने दोरी चढवून मूठ टेकवली. अंगठा दोरीच्या चांगला बोटभर पुढे गेला.

“अंतर कमी पडतंय,” तो पुटपुटला.

त्याने दोरीचे एक टोक उतरवून तिला दहा पीळ दिले आणि ती पुन्हा चढवली. पिळाने दोरी आखूड होते, मित्रांनो, आणि मला जास्त वाकावे लागते. तरी माप जमेना. आणखी दहा पीळ. माझी पाठ ताणली. आणखी दहा. पाठीत बारीकसे ‘कट्’ झाले. भीतीने मला घाम फुटला. घडवताना पाजलेले तेल अंगावर आले.

“अजून दहा दिले की बसेल,” डोंगर म्हणाला.

शेजारच्या खोलीत सुतारीण मटार सोलत होती.

“डोंगरा, हात थांबव. काय कुरकुरतंय?”

“काही नाही गं आत्या. जुनं आहे, कुरकुरणारच.”

“मीही जुनीच आहे. मला पिळतोस का कधी?” ती भिंत चाचपत आली. “अंतर कशाने मोजलंस?”

“मुठीने. तूच शिकवलंस ना?”

“कुणाच्या मुठीने?”

“माझ्याच की.”

तिने त्याची मूठ चाचपली. “ही मूठ आहे की पातेलं? मी ते माझ्या हाताच्या मापाने घडवलंय रे. उतरव आधी दोरी.”

मग तिचा अंगठा माझ्या पाठीवरून फिरला आणि एका जागी थांबला.

“मोडलं?” डोंगराचा आवाज एकदम लहान झाला.

“चीर वरवरची आहे. अजून एकदा पिळलं असतंस, तर चुलीत गेलं असतं.”

सरस लावून, धागा गुंडाळून त्यांनी मला आठ दिवस निजवले. शर्यत हुकली. नंतर सगळे पीळ काढून डोंगराने बाण सोडला, तर माझ्या फार जवळ आलेली दोरी त्याच्या मनगटावर सणकून बसली. तो कळवळला, आत्या हसली.

“आता दोन पीळ दे. सोड. अजून दोन.”

दर बाणाला ती कान देऊन ऐकायची. टणत्कार हळूहळू निवला आणि शेवटी नुसतेच ‘थप्’ झाले.

“इथेच,” ती म्हणाली. तिने मूठ लावली. अंगठा दोरीला नेमका भिडला. त्या मापाची एक काडी तिने डोंगराकडून कापून घेतली.

भीती अजून गेलेली नाही. डोंगराचा हात लागला की चिरेपाशी गार वाटते. पण आता बाण सोडला की तो ऐकत उभा राहतो.

मित्रांनो, तुमच्या हातात एखादी जुनी वस्तू कुरकुरली, तर जोर वाढवू नका. आधी हात सैल करा. आमच्यातले बरेच जण एकदाच कुरकुरतात.