गाळलेली बारा पानं

मी रत्नागिरीतल्या एका वाचनालयाचा बोलका डबा बोलतोय. कागदोपत्री माझं नाव भलतंच लांबलचक आहे, ‘श्राव्यग्रंथ वाचन व ध्वनिमुद्रण यंत्र’ असं काहीतरी. पण त्या नावाने मला फक्त सामानाचं डेडस्टॉक रजिस्टर ओळखतं. हाताच्या तळव्यावर मावेन एवढा मी. आत एक कार्ड घातलं की पुस्तक वाचून दाखवतो आणि लाल बटण दाबलं की समोरच्याचा आवाज टिपून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला डोळे नाहीत. तेव्हा कुणाची साडी कुठल्या रंगाची होती आणि कोण दिसायला कसं होतं, हे मला विचारू नका. मला कान आहेत, आणि ते मात्र फार तिखट आहेत.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. मुंबईच्या एका संस्थेने मला विकत घेतलं आणि रत्नागिरीला देणगी म्हणून पाठवलं. माझ्या स्वागताचा समारंभ झाला. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, चार पाहुणे पाऊण पाऊण तास बोलले. ‘अंध बांधवांच्या आयुष्यात आता प्रकाश येणार’ हे वाक्य मी सहा वेळा मोजलं. मग टाळ्या वाजल्या आणि मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. आत मी, जुनी सन्मानचिन्हं आणि डांबराच्या गोळ्या. तीन वर्षं तो प्रकाश कपाटातच होता.

कुलूप उघडलं ते दर्शनाने. ती चिपळूणकडची. वाचनालयात नोकरीला लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने कपाटं आवरायला काढली. तिचा आवाज मी ऐकला मात्र, मला वाटलं, हा आवाज आपल्यात साठवायला मिळाला तर जन्माचं सार्थक होईल. पावसाळ्यातल्या वर्षावासात गावच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचं काम लहानपणापासून तिच्याकडेच असे. त्यामुळे शब्द कुठे टेकवायचा आणि कुठे सोडायचा, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

शिकवावी लागली ती शिस्त. मुंबईच्या त्या संस्थेतून एक बाई आल्या आणि त्यांनी माझ्यासाठी पुस्तकं वाचणाऱ्यांचा वर्ग घेतला. “छापलंय ते वाचायचं,” त्या म्हणाल्या. “चित्र असेल तर चित्रात काय आहे ते सांगायचं. नवं पान आलं की आकडा बोलायचा. पदरचं घालायचं नाही आणि लेखकाचं काढायचं नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या असणार, कारण कुणी काही बोललं नाही.

पण माणसाला पदरचं घातल्याशिवाय चैन पडत नाही, हे मी तुम्हाला खात्रीने सांगतो. एक निवृत्त गुरुजी दर परिच्छेदानंतर ‘म्हणजे काय, तर...’ म्हणून पुन्हा समजावून सांगत. एक गृहस्थ ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ असं वाचून खुशाल पुढे जात, आणि ऐकणाऱ्याने ती आकृती काय कपाळात बघायची? दर्शनाचं तसं नव्हतं. ती नकाशासुद्धा असा सांगे की नदी कुठून कुठे गेली ते ऐकणाऱ्याला बरोबर कळे.

माझी पहिली वाचक ऋतिका, बारावीतली मुलगी, जन्मापासून अंध. ती मला दुप्पट वेगाने पळवायची. शेजारी बसलेल्या तिच्या आईला वाटे यंत्र बिघडलं. ऋतिका मात्र त्या भरधाव आवाजातून इतिहासाच्या सनावळ्या टिपत असे. ती पास होऊन पुण्याला गेली तेव्हा मला अभिमान वाटला आणि थोडं रितंही वाटलं.

त्यानंतर आले सखारामकाका.

रत्नागिरीजवळच्या, समुद्रकाठच्या मिऱ्या गावचे सखाराम शिवलकर. चौतीस वर्षं मालवाहू जहाजावर खलाशी होते. घरी परतले, आणि काचबिंदूने दोन वर्षांत दोन्ही डोळे नेले. ‘आंधळ्याच्या गायी देव राखतो’ असं म्हणतात. राखत असेलही, पण आंधळ्याला पुस्तक वाचून दाखवायला देव काही येत नाही, ते माणसांनाच करावं लागतं. काका पहिल्यांदा आले ते बायकोचा, मथुराकाकींचा हात धरून. आले ते नेमकं मागणं घेऊनच.

“एक पुस्तक हाय,” ते म्हणाले. “एका सारंगाची गोष्ट. गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. जहाजावर असताना मी अर्धं वाचलं. मग एका बंदरात सोबतचा खलाशी उतरला, तो पुस्तक घेऊन गेला. सदतीस वर्षं झाली गो पोरी. तो सारंग माज्या डोक्यात तसाच भर वादळात उभा हाय. त्याचं पुढं काय झालं ते ऐकल्याशिवाय मी मरणार नाय.”

दर्शनाने चार दिवस शोधून ती कादंबरी मिळवली. पुठ्ठा सुटलेला आहे, असं ती कुणाला तरी सांगत होती. रोज दुपारी वाचनालयात सामसूम झाली की ती मला समोर ठेवून वाचू लागली.

त्याच दिवसांत एकदा मथुराकाकी एकट्याच आल्या. बाजारात मासळी घ्यायला आले होते, म्हणाल्या, पण पिशवी खाली ठेवताना अजिबात वजनाचा आवाज झाला नाही. “दर्शना,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पुस्तकात काय वायट असंल तर ते ह्यांना नको वाचू. लय दिवसांनी घरात जरा बरं चाललंय गो.”

 दर्शनाने ते पुस्तक आदल्याच रात्री घरी पुढे वाचून काढलं होतं, हे मला मागाहून कळलं. वादळातून वाचलेल्या सारंगाचे पुढे डोळे जातात, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिने दोनशे अकरावं पान वाचून संपवलं. मग ती थांबली. मी चालूच होतो. कागद उलटल्याचा आवाज झाला. परत झाला. परत झाला. असा तो होतच राहिला. मग तिने शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. त्यानंतर ती एकदाही पानाचा आकडा बोलली नाही.

मला फार वाईट वाटलं. पण मला माझी म्हणून पाच-सहाच वाक्यं येतात. ‘ध्वनिमुद्रण सुरू’, ‘ध्वनिमुद्रण बंद’, ‘बॅटरी संपत आली’ अशी. ‘दर्शना, हे बरोबर नाही’ हे त्यात बसवलेलं नाही. तिच्या मनात दयाच होती, हे मी शपथेवर सांगेन. तरी जे झालं ते झालं.

मी मिऱ्याला गेलो. काकांनी मला आठ दिवस ऐकलं, अगदी माणसाच्या चालीने, एकदाही पळवलं नाही. मधेच थांबवून ते काकींना समजावत, “हे शीड असं बांधतात बघ.” काकी भांडी घासता घासता “व्हय काय?” म्हणत. घर कसं भरल्यासारखं वाटे. नवव्या दिवशी दोनशे अकरावं पान आलं. काकांनी ते ऐकलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. पाच वेळा ऐकलं. मग मला बंद केलं आणि काकींना म्हणाले, “चल. वाचनालयात जायचंय.”

दर्शनाच्या टेबलावर त्यांनी मला असं आपटलं की माझं झाकण सुटलं. झाकण बसवून त्यांनी मलाच बोलायला लावलं. दर्शनाचा आवाज, मग नुसता कागद, मग पुन्हा दर्शनाचा आवाज.

“ऐकलंस?” काका म्हणाले. “कागद सात वेळा वाजला. एक पान उलटायला एकदाच वाजतो. जादा सहा कागद, दोन्ही अंगांनी छापलेले. म्हणजे बारा पानं. कुठं गेली ती?”

दर्शनाने मला बंद केलं.

“तिथून पुढं तू आकडा पण बोलली नाहीस. खोटा आकडा तुज्या तोंडातून आला नाय, तेवढं बरं केलंस. पण पोरी, माशाचे काटे काढून भरवायला मी काय दोन वर्षांचा हाय? माजे डोळे गेले. अक्कल गेलेली नाय.”

“चुकलं काका,” दर्शना म्हणाली. एवढंच. मथुराकाकींचं नाव तिने घेतलं नाही. काकींच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

“हा डबा ठेव तुजा,” काका म्हणाले. “आता मी कायच ऐकणार नाय. तू वाचलंस म्हणजे ते खरं असंल, असं धरून बसलो होतो. आता कशावर इस्वास ठेवू? पेपर वाचून दाखवशील त्यातलं पण काय गाळशील ते मला कसं कळणार?”

 ज्याला दिसतं तो पुस्तक ओढून घेऊन बघू शकतो. काकांना समोरच्याच्या शब्दावरच चालायचं होतं, आणि तो शब्दच डळमळला होता.

तीन आठवडे मी फळीवर पडून होतो. दर्शना वाचायला बसायची आणि दोन ओळींत उठायची. एका शनिवारी काकी आल्या. “दिवसभर उंबऱ्यावर बसून असतात,” त्या म्हणाल्या. “रेडिओ लावत नायत, कुणाशी बोलत नायत. त्या दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं गो. तू माजं नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं.”

“उद्या रविवार आहे काकी,” दर्शना म्हणाली. “मी पुस्तक घेऊन येते.”

रविवारी सकाळी आम्ही मिऱ्याला गेलो. बाहेर समुद्र धडका देत होता. काका आतूनच म्हणाले, “कशाला आलीस?”

“बारा पानं वाचायला.”

“त्यापेक्षा जा घरी.”

मग मथुराकाकी बोलल्या. “मी सांगितलं होतं तिला. वायट असंल ते गाळ म्हणून. राग करायचा तर माज्यावर करा.”

 मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “वाच,” काका म्हणाले. “पण आकडा बोल.”

दर्शनाने लाल बटण दाबलं. “पान दोनशे बारा.”

तुम्हाला वाटेल, त्या पानांत काहीतरी दिलासा असेल. नव्हता. सारंगाचे डोळे जातात. मुलं गलबत विकून टाकतात. तो अंगणातल्या माडाला हात लावून वाट शोधतो आणि चुकतो.  पान दोनशे अठरा. सारंगाची बायको जेवण वाढते. भात गार झालाय म्हणून तो ताट उचलतो आणि आवाजाच्या दिशेने भिरकावतो.

“थांब,” काका म्हणाले.

दर्शना थांबली. मला बंद करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

“मथुरा,” काका म्हणाले. काकींना नावाने हाक मारताना मी काकांना पहिल्यांदाच ऐकलं. “शिमग्याच्या वेळी मी ताट फेकलं होतं. तुला लागलं होतं काय गो?”

तेव्हा मला कळलं. डोळे गेल्यावरच्या पहिल्या वर्षी काकांनीही ताट फेकलं होतं. ते कुठे जाऊन पडलं हे त्यांना दिसलं नव्हतं. काकी तेव्हा ओरडल्या नव्हत्या, आणि काकांनीही विचारलं नव्हतं.

“लागलं होतं,” काकी म्हणाल्या.

“कुठं?”

काकी उठून जवळ आल्या असाव्यात. बांगड्यांचा आवाज माझ्या अगदी शेजारी आला आणि थांबला. “हिथं,” त्या म्हणाल्या. “कपाळाला. तीन टाके पडले. टाके घालायला जाताना तुम्हाला सांगितलं, शेजारी चाललेय म्हणून.”

पुढे काय झालं ते मला दिसलं नाही. काकांचा श्वास मात्र ऐकू येत होता, लहान मुलासारखा तुटक. काकी एवढंच म्हणाल्या, “असू दे हो. आता असू दे.” दर्शना नाक ओढत होती. समुद्र चालूच होता. 

“पुढचं वाच गो बाय,” काका म्हणाले. “पान दोनशे एकोणीस.”

दर्शनाने बाराही पानं वाचली आणि मग शेवटचं प्रकरणही पुन्हा वाचलं, प्रत्येक पानाचा आकडा बोलून. त्या दिवशी त्या घरात जेवल्याशिवाय तिला कुणी सोडलं नाही.

ह्या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. आता वाचनालयाची पुस्तकं फोनवरच ऐकता येतात. काकाही फोनवर ऐकतात, आणि वाचणाऱ्याने आकडा चुकवला की दर्शनाला फोन लावतात. ती कादंबरी इतर वाचकांसाठी तयार करताना दर्शनाने काका-काकींना आधी विचारलं आणि दोनशे अठरा नि दोनशे एकोणीस ह्या पानांमधलं ते बोलणं कापून टाकलं. ते लेखकाचं नव्हतं, त्यामुळे ते कापणं शिस्तीला धरूनच होतं. माझ्या कार्डावर मात्र ते अजून आहे.

माझी बॅटरी आता पाव तासही टिकत नाही. परवा कुणीतरी डेडस्टॉक रजिस्टर मोठ्याने वाचत होतं आणि माझ्या नावापुढे ‘निर्लेखित’, म्हणजे हिशेबातून कायमचा काढलेला, असं म्हणाल्याचं मी ऐकलं. माझी तक्रार नाही. माझ्यासारख्या एका डब्याने पुष्कळ पुस्तकं वाचून दाखवली.

फक्त एवढं करा. मला भंगारात टाकण्याआधी माझं कार्ड काढून घ्या आणि मिऱ्याला मथुराकाकींच्या हातात द्या. काकांनी त्या दिवशी त्यांना जे विचारलं, ते पुन्हा कधी ऐकावंसं वाटलं, तर ते त्यांच्या घरात असायला हवं.