काजळी भिजत होती तेव्हा

धाकट्या बहिणीची गाडी आली की मिस्त्री उगाच जास्त नखरे करायचा. आजही हवेची नळी सोडवून त्याने आत डोकावून पाहिलं, तर काजळीचे थर असे जाड, की इंजिनाला श्वास कुठून मिळत होता देव जाणे.

"गाडी चालवतेस की चूल?" तो म्हणाला.

मग त्याने काजळी सोडवणारं औषध आत ओतलं, हात जरा सैलच सोडून. तासभर भिजवायचं आणि मग चिंधीने थेंबन्‌थेंब टिपून काढायचं, कारण ते पेट्रोलसारखं पेट घेतं. तोवर धूळ पडू नये म्हणून त्याने बॉनेट नुसतं टेकवलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि शेजारच्या खोलीत जेवायला बसला. एरवी गाडी चुकून सुरू होऊ नये म्हणून तो बॅटरीची तारही काढायचा. आज भूक आड आली.

"दादा, झालं का?" बहिणीने दारातून विचारलं.

"झालं, झालं!" तोंडात घास होता. त्याला वाटलं, जेवणाचं विचारतेय.

आईला दोन वाजता दवाखान्यात पोचवायचं होतं. आईचे गुडघे कामातून गेलेले, कान तर त्याआधीच. बहिणीने तिला मागच्या सीटवर नीट बसवलं. आणि पर्समध्ये दुसरी किल्ली होतीच.

इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मिस्त्रीच्या हातातला घास हातातच राहिला. आवाज चढला. आणखी चढला. थांबेना. डिझेलच्या इंजिनाला पेटायला ठिणगी लागत नाही. किल्ली काढली तरी आत जे जळण मिळेल ते पिऊन ते उधळतं, आणि फुटेपर्यंत उधळतं.

तो उष्ट्या हाताने धावला. गॅरेज पांढऱ्या धुराने भरलं होतं. बहिणीने काढलेली किल्ली काचेतून त्याला दाखवली. चेहरा पांढराफटक.

"उतर! आईला काढ!"

ती उतरली, मागचं दार उघडून आईला ओढू लागली. पण त्या गुडघ्यांना पाय बाहेर काढायलाच पाच मिनिटं लागत. इंजिन तेवढा वेळ देणार नव्हतं.

मिस्त्रीने बॉनेट उचललं. हाताला लागली ती फळी घेतली आणि इंजिनाचा श्वास कोंडायला हवेच्या उघड्या तोंडावर छातीचा भार टाकून दाबली. इंजिनाने फळी ओढून धरली. आत लोखंड लोखंडावर आपटत होतं. फुटलं तर पहिला तुकडा आपल्यालाच, हे त्याला कळत होतं. भीती मात्र मागच्या सीटची वाटत होती.

एक आचका. दुसरा. मग सगळं गप्प.

"किती जोर आलाय रे गाडीला!" आई कौतुकाने म्हणाली. "बसल्या जागी हलत होते मी."

इंजिन केव्हाच थांबलं होतं, तरी बहिणीला मिस्त्रीची बोटं एकेक करून फळीवरून सोडवावी लागली.